टाकीत इथेनॉल होतं, तरी त्याने पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं : थॉमस मिजलीची गोष्ट

सध्या गाडीवाल्यांच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जा, एक वाद हमखास सापडतो. ई-२० पेट्रोलचा. एकाचं म्हणणं असतं की, इथेनॉल आल्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय. दुसरा सांगतो की, हे सगळं मनाचे खेळ आहेत. तिसरा गंजलेल्या टाकीचा फोटो टाकतो आणि मग रात्रभर राडा.

जुनं इंजिन आणि नवं पेट्रोल यांचं हे भांडण आपल्याला नवीन वाटतं, पण ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे. या सगळ्या गोष्टीच्या मधोमध एक अमेरिकन इंजिनिअर उभा आहे, थॉमस मिजली. या गड्याने १९२१ साली टाकीत ३० टक्के अल्कोहोल मिसळलेलं इंधन भरून गाडी चालवली होती. ती व्यवस्थित चाललीही. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत त्याच्या हाती एक वेगळी वस्तू लागली आणि पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगभरातल्या गाड्या शिसं जाळत राहिल्या.

तर हा मिजली कोण, त्याने असं का केलं आणि आज तुमच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीशी त्याचा काय संबंध, तेच सविस्तर बघू.

शिक्षण मेकॅनिकलचं, नाव झालं केमिस्ट्रीत

थॉमस मिजलीचा जन्म १८ मे १८८९ चा. गाव बीव्हर फॉल्स, राज्य पेनसिल्व्हेनिया. वडील स्वतः संशोधक, टायरच्या क्षेत्रात त्यांचं काम होतं. पोरगा वाढला ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये. १९११ साली तो कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे ज्या कामासाठी तो जगभर गाजला ते सगळं केमिस्ट्रीचं होतं. ती केमिस्ट्री तो नोकरीत, कामाच्या ओघात शिकला.

१९१६ साली तो डेटन शहरातल्या डेल्को या कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. तिथे त्याचा साहेब होता चार्ल्स केटरिंग. हे नाव आपल्याकडे फार कुणाला माहिती नसलं तरी त्याचं काम आपण रोज वापरतो. पूर्वी गाडी सुरू करायला पुढे जाऊन हँडल मारावं लागायचं. हँडल उलटं फिरलं की हात मोडायचा. केटरिंगने बटणावर चालणारा इलेक्ट्रिक स्टार्टर आणला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला.

पण केटरिंगच्या मागे एक भुणभुण लागली होती. इंजिनं आतून खडखडायची. चढाला लागली किंवा जोर पडला की आतून कुणीतरी हातोडा मारतंय असा आवाज यायचा. आपले मेकॅनिक आजही याला नॉकिंगच म्हणतात. लोक खापर फोडत होते केटरिंगच्या बॅटरी इग्निशनवर. खरं कारण शोधायचं काम मिजलीकडे आलं.

हे नॉकिंग म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये येते, पिस्टन तिला दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते. ठिणगीपासून आग निघाली की ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जायला हवी. पण दाब आणि उष्णता जास्त झाली, तर आग पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. तोच तो हातोड्याचा आवाज. हे रोज घडलं तर पिस्टनला भोक पडायची वेळ येते.

यातली खरी अडचण अशी की, मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद मिळते. म्हणजे चांगलं अ‍ॅव्हरेज आणि पिकअप हवा असेल तर दाब वाढवायला हवा, पण दाब वाढवला की नॉकिंग सुरू. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत तेल संपणार अशी भीती पसरली होती, त्यामुळे कमी तेलात जास्त पळणारं इंजिन ही तेव्हाची मोठी गरज होती.

मिजलीने सिलिंडरच्या आतला दाब मोजून दाखवलं की दोष इग्निशनचा नाही, इंधनाचा आहे. इंजिन आणि इंधन ही जोडी आहे, एकाला सोडून दुसऱ्याचा विचार करता येत नाही, हे त्याला फार लवकर कळलं होतं.

आयोडीनचा किस्सा

आता इंधन सुधारायचं कसं? मिजली आणि केटरिंगने एक भन्नाट तर्क लढवला. एक रानफूल थंडी सरता सरता सगळ्यांच्या आधी फुलतं आणि त्याच्या पानांची मागची बाजू लालसर असते. लाल रंग उष्णता शोषतो म्हणून ते लवकर फुलत असेल, मग इंधनही लाल केलं तर ते लवकर तापून नीट जळेल, असा तो तर्क.

सांगतात की, त्या दिवशी शनिवार होता आणि भांडारात लाल रंग मिळाला नाही. मग मिजलीने आयोडीन उचललं आणि इंधनात टाकलं. आवाज गायब!

नंतर त्याने खरे लाल रंग आणून टाकून बघितले तर काहीच फरक नाही. म्हणजे तर्क साफ चुकीचा होता, उत्तर मात्र हाती लागलं होतं. रंगाने नाही, आयोडीनमधल्या रसायनाने काम केलं होतं. आयोडीन महाग होतं आणि इंजिनाचे भाग खायचं, त्यामुळे ते वापरता येणार नव्हतं. पण चिमूटभर रसायन टाकून नॉकिंग थांबवता येतं, हे कळलं.

मग पाच वर्षं त्याच्या टीमने एकामागून एक रसायनं तपासली. ॲनिलीन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमचं काम छान होतं, पण त्याचा लसणासारखा भयंकर वास अंगाला चिकटायचा. अंघोळ केली की तो आणखी वाढायचा. शेवटी मिजली मूलद्रव्यांचा तक्ता समोर ठेवून एका बाजूने सरकत गेला.

इथेनॉल समोरच होतं

या शोधात एक सोपं उत्तर आधीपासून टेबलावर होतं, ते म्हणजे इथाइल अल्कोहोल. आपण ज्याला इथेनॉल म्हणतो तेच. इथेनॉल नॉकिंग रोखतं हे तेव्हा इंजिनिअर मंडळींना माहिती होतं. मिजलीने स्वतः अल्कोहोलच्या मिश्रणावर पेटंटसाठी अर्जही केला होता. ऑक्टोबर १९२१ मध्ये तो जास्त दाबाचं इंजिन बसवलेली गाडी घेऊन डेटनहून इंडियानापोलिसला इंजिनिअर लोकांच्या सभेला गेला, तेव्हा टाकीत ३० टक्के अल्कोहोलचं मिश्रण होतं.

मग गाडी अडली कुठे?

एक म्हणजे प्रमाण. इथेनॉल मिसळायचं तर ते १० टक्के, २० टक्के असं भरपूर लागतं. एवढं बनवायचं कशातून आणि किती धान्यातून, हा प्रश्न होता. दुसरी गोष्ट धंद्याची. अल्कोहोल कुणीही शेतकरी गाळू शकतो, त्यावर एका कंपनीची मक्तेदारी राहत नाही. तेल कंपन्यांना तर आपल्या टाकीतला पाचवा हिस्सा दुसऱ्याला देणं परवडणारं नव्हतं. इंधनाचा इतिहास अभ्यासणारे अनेक जण याच मुद्द्यावर बोट ठेवतात.

९ डिसेंबर १९२१ ला मिजलीच्या टीमने टेट्राइथाइल लेड इंजिनात टाकून बघितलं. मराठीत सांगायचं तर शिशाचं एक तेलकट संयुग. एका गॅलनला तीन मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी. तेवढ्यात नॉकिंग बंद. वर त्याचं पेटंटही मिळणार होतं. जनरल मोटर्सला याहून काय हवं होतं?

नाव ठेवलं एथिल. शिसं हा शब्द नावात कुठेच नव्हता.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल विक्रीला आलं. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या एथिलवर पळाल्या. जाहिरात करायची वेगळी गरजच उरली नाही.

पण जुन्या इंजिनांनी इथेही कुरकुर केलीच. शिसं जळून त्याची राख स्पार्क प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचायची. गाडी मिसिंग मारायला लागायची. मग मिजलीने त्यात ब्रोमीनचं एक संयुग मिसळलं, जेणेकरून शिसं वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडावं. त्यासाठी इतकं ब्रोमीन लागणार होतं की समुद्राच्या पाण्यातून ते काढायला १९२५ मध्ये जहाजावर कारखाना थाटला गेला.

इंजिन साफ राहिलं. शिसं मात्र गाडीतून निघून रस्त्यावरच्या माणसांच्या फुप्फुसात जायला लागलं.

पत्रकारांसमोर शिशाने हात धुतले

शिसं विषारी आहे हे रोमन काळापासून माहिती होतं. मिजलीला तर स्वतःच्या अंगावर कळलं होतं. १९२३ च्या सुरुवातीला त्यालाच शिशाची बाधा झाली आणि तब्येत सुधारण्यासाठी काम सोडून तो फ्लोरिडाला जाऊन राहिला.

खरा हाहाकार उडाला ऑक्टोबर १९२४ मध्ये. जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइलने मिळून एथिल कंपनी काढली होती. न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास व्हायला लागले. काही जण हिंसक झाले, त्यांना बांधून दवाखान्यात न्यावं लागलं. पाच कामगार मेले आणि तीसहून जास्त आजारी पडले. डेटन आणि डीपवॉटर इथल्या कारखान्यांतही मृत्यू झाले होते. डीपवॉटरच्या कामगारांना हवेत नसलेले किडे उडताना दिसायचे, म्हणून त्या इमारतीला त्यांनी फुलपाखरांचं घर असं नाव पाडलं होतं.

वर्तमानपत्रं पेटली. न्यूयॉर्क शहराने विक्री बंद केली. तेव्हा ३० ऑक्टोबर १९२४ ला मिजली पत्रकारांसमोर आला. त्याने ते रसायन हातावर ओतून घेतलं, मग बाटली नाकाखाली धरून मिनिटभर हुंगली. रोज असं केलं तरी मला काही होणार नाही, असा त्याचा दावा होता.

ज्या माणसाला वर्ष-दीड वर्षापूर्वी याच शिशाने आजारी पाडलं होतं, तोच हे करत होता.

मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने बैठक बोलावली. डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन यांनी ठाम विरोध केला. त्यांचा मुद्दा सोपा होता. कारखान्यातली विषबाधा दिसते, कारण ती झटपट होते. रस्त्यावरची विषबाधा हळूहळू होईल आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असेल. पुढच्या चौकशी समितीला बंदी घालण्याइतका पुरावा मिळाला नाही. तिने पुढेही अभ्यास चालू ठेवा असं सुचवलं, पण तो अभ्यास बराच काळ उद्योगाच्याच पैशावर चालला. १९२६ मध्ये एथिलची विक्री पुन्हा सुरू झाली.

शिशाचा फायदा झालाच नाही असं नाही. आज पेट्रोलला ऑक्टेनचा जो आकडा लावतात, त्याची मोजपट्टी एथिल कंपनीतल्याच ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने बनवली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची स्पिटफायर विमानं शिशाच्या १०० ऑक्टेन पेट्रोलवर लढली. छोट्या विमानांत शिशाचं पेट्रोल अजूनही वापरलं जातं.

दुसरा शोध, तोही गळ्याशी आला

एवढ्यावर मिजली थांबला नाही. तेव्हाच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे वायू असायचे. गळती झाली की माणसं मरायची. केटरिंगने बिनविषारी आणि न पेटणारा वायू शोधायला सांगितलं. मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रिऑन शोधला. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो वायू छातीत भरून घेतला आणि हळूच मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध.

या वेळी तो खोटं बोलत नव्हता. फ्रिऑन माणसाला खरंच निर्धोक होता. पण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की, याच जातीचे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तेही बंद करावे लागले.

हे सगळं बघायला मिजली नव्हता. त्याच्या नावावर शंभरहून जास्त पेटंट होती. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांचे मोठमोठे पुरस्कार मिळाले, १९४४ मध्ये तो त्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. पण १९४० मध्ये पोलिओने त्याचे पाय गेले होते. पलंगावरून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा स्वतःच बनवून घेतली. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोऱ्यांमध्ये गळा आवळला जाऊन त्याचा मृत्यू झाला. वय होतं ५५.

शिसं गेलं, तेव्हा जुन्या इंजिनांचं काय झालं?

आता गोष्टीचा दुसरा भाग, जो थेट आपल्या गॅरेजपर्यंत येतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेत गाडीच्या धुरावर कडक नियम आले आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायला सुरुवात झाली. शिशाचा थर बसला की कन्व्हर्टर निकामी होतो, त्यामुळे शिसं काढणं भाग पडलं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो हेही तोवर समोर येत होतं. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळायला लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर आलं. जगात सगळ्यात शेवटी अल्जेरियाने २०२१ मध्ये शिशाचं पेट्रोल बंद केलं.

पण तोवर इंजिनांना शिशाची सवय झाली होती.

इंजिनात धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असतो. तो जिथे टेकतो त्या कड्याला व्हॉल्व्ह सीट म्हणतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर हा व्हॉल्व्ह मिनिटाला १,५०० वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा लालबुंद गरम अवस्थेत सीटवर आपटतो. जुन्या इंजिनात ही सीट साध्या बिडाची असायची. शिशाची राख तिच्यावर पातळ थर धरायची आणि गादीसारखं काम करायची. शिसं गेलं, गादी गेली. व्हॉल्व्ह आणि सीटचे बारीक कण एकमेकांना चिकटून उखडायला लागले, सीट झिजत झिजत आत गेली. मग व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

उपाय होता. हेड उतरवायचं आणि कडक धातूच्या सीट बसवायच्या. ब्रिटनमध्ये तर २००० साली शिशाचं पेट्रोल बंद होताना जुन्या गाड्यांसाठी पोटॅशियमसारखी द्रव्यं घातलेलं वेगळं पेट्रोल काही वर्षं विकलं गेलं. हळू चालणाऱ्या गाड्यांना फारसा त्रास झाला नाही, हायवेवर दामटलेल्या गाड्यांना जास्त झाला. शिवाय फायदाही झाला. शिशाची घाण नसल्याने प्लग आणि ऑइल जास्त टिकायला लागलं.

थोडक्यात काय, तर शिसं काढणं शंभर टक्के बरोबर होतं. तरीही जुन्या गाडीवाल्याचं हेड उतरलंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

आणि आता इथेनॉल

फिरून गाडी आली तिथेच, जिथे मिजलीने ती १९२१ मध्ये सोडली होती. यात महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळून बघायचे पहिले प्रयोग देशात तीन ठिकाणी झाले, त्यातली दोन आपली, मिरज आणि मनमाड. ऊस आपला, मळी आपली, त्यामुळे साहजिकच होतं. २००३ मध्ये महाराष्ट्र आणि गोव्यासह ९ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं आणि गाठलंही.

इथेनॉल म्हणजे शिसं नाही, हे आधी स्पष्ट करू. ते मेंदूवर जाऊन बसणारा जड धातू नाही. ऑक्टेनही वाढवतं. मग जुन्या इंजिनाला अडचण काय?

पहिली, ताकद. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की, ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० साठी ट्यून केलेल्या चारचाकीचं ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचं ३ ते ४ टक्के अ‍ॅव्हरेज कमी होऊ शकतं. म्हणजे २० चं अ‍ॅव्हरेज देणारी कार साडेअठराच्या पुढेमागे येईल. निम्मं होणार नाही, पण काहीच होत नाही असंही नाही.

दुसरी, ऑक्टेनचा फायदा. तो घ्यायला इंजिनाचा दाब जास्त असावा लागतो किंवा ट्यूनिंग तसं असावं लागतं. केटरिंगला हे तेव्हाच माहिती होतं. कमी दाबाच्या जुन्या इंजिनाला जास्त ऑक्टेनचं काही करता येत नाही.

तिसरी, हवेचं गणित. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. नव्या गाडीतला सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही, जेटमधून ठरलेलंच पेट्रोल येतं. मिश्रण पातळ होतं, थंडीत गाडी चोक मागते, इंजिन जरा जास्त गरम होतं.

चौथी, रबर आणि गंज. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी बरेच महिने उभी राहिली आणि टाकीत ओल साचली तर पाणी-इथेनॉलचं मिश्रण वेगळं होऊन तळाशी बसतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या, वॉशर, गॅस्केट फुगतात किंवा कडक होतात. टाकीतली जुनी घाण सुटून फिल्टर तुंबतो, ते वेगळंच.

पेट्रोलियम मंत्रालयाचं म्हणणं आहे की, ई-२० मुळे गाड्यांचं मोठं नुकसान होत नाही, काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात आणि ते काम स्वस्तातलं आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत ई-२० ला टिकतील असे भाग वापरले जातात. खरा प्रश्न उरतो तो त्याआधीच्या गाड्यांचा, ज्या आपल्याकडे कोट्यवधी आहेत.

अशी गाडी तुमच्याकडे असेल तर घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करू नका. मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणावर ई-५, ई-१० की ई-२० लिहिलंय ते बघा. सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या नळ्या आणि गॅस्केट तपासून घ्या, फिल्टर वेळेवर बदला. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर ट्यूनिंग करून घ्या. गाडी बरेच महिने उभी ठेवायची असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून ठेवलेलं बरं. पेट्रोलचा वास यायला लागला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा, कारण गळकी नळी म्हणजे आगीला आमंत्रण.

मिजली हुशार होता, मेहनती होता आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने दर वेळी बिनचूक शोधलं. इंजिन खडखडायचं थांबेल का? थांबलं. फ्रीजच्या वायूने माणूस मरणार नाही ना? नाही मेला. पण त्याचा खर्च कोण भरणार, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही आणि ज्यांनी १९२५ मध्ये तो मोठ्याने विचारला त्यांचं ऐकलं गेलं नाही. शिशाचा खर्च रस्त्याकडेच्या पोरांनी भरला. शिसं काढायचा खर्च जुन्या गाडीवाल्यांनी भरला. इथेनॉलचा हिशोब त्या मानाने फार लहान आहे. पण सहा टक्क्यांचं अ‍ॅव्हरेज आणि फुगलेल्या नळ्या कुणाच्या खात्यावर टाकायच्या, हे विचारणारा गाडीवाला इथेनॉलचा दुश्मन नसतो. तो फक्त तोच प्रश्न विचारत असतो, जो शंभर वर्षांपूर्वी डेटनमध्ये विचारायचा राहून गेला.